ज्यानं माऊस शोधला, त्याला रॉयल्टीचा एक डॉलरही मिळाला नाही

टर्बो सीचा तो निळा स्क्रीन आठवतोय?

इंजिनिअरिंग, डिप्लोमा नाहीतर बीसीएच्या लॅबमध्ये बसून ज्यांनी सी भाषा गिरवली, ते तो स्क्रीन विसरूच शकत नाहीत. हातात नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं लेट अस सी, समोर जुना कॉम्प्युटर आणि बाजूला प्रॅक्टिकलची जर्नल. त्यातल्या हौशी पोरांना एक वेड असायचं, काहीही करून आपल्या प्रोग्राममध्ये माऊस चालला पाहिजे.

आज ऐकायला गंमत वाटेल, पण डॉसच्या काळ्या पडद्यावर माऊसचा बाण आणणं हे तेव्हा मोठं काम होतं. कारण डॉसला माऊस नावाची वस्तू असते हेच माहीत नव्हतं. प्रत्येक प्रोग्रामला स्वतः जाऊन विचारावं लागायचं की बाबा रे, तू आत्ता कुठं आहेस, आणि तुझं कुठलं बटण दाबलंय?

या प्रश्नाचं उत्तर देणारा लाकडी ठोकळा ज्याच्या डोक्यातून निघाला त्याचं नाव डग्लस एंगेलबार्ट.

माऊसचा शोध लावणारा म्हणून हा गडी जगभर ओळखला गेला. पण माऊसमधून त्याला रॉयल्टी म्हणून काही मिळालं नाही. आणि त्याची खरी खंत पैशाची नव्हतीच. त्यानं जगापुढं एक भलंमोठं स्वप्न ठेवलं होतं, जगानं त्यातली सगळ्यात छोटी गोष्ट उचलली आणि बाकीचं तिथंच सोडून दिलं.

त्याचीच ही गोष्ट.

रेडिओवाल्याचं पोरगं

३० जानेवारी १९२५. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात डग्लसचा जन्म झाला. वडिलांचं रेडिओचं दुकान होतं. डग्लस ९ वर्षांचा असताना वडील गेले. ते महामंदीचे दिवस होते. घरात पैसा नाही, आई आणि तीन भावंडं. अशा घरातला हा पोरगा पुढं ओरेगन स्टेट कॉलेजात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकायला गेला.

शिक्षण अर्धवट असतानाच दुसऱ्या महायुद्धात नौदलाचं बोलावणं आलं. तिथं त्याला रडार दुरुस्त करायला शिकवलं गेलं. हा मुद्दा लक्षात ठेवा. रडार म्हणजे काय, तर दूरवरच्या विमानाची माहिती डोळ्यांसमोरच्या पडद्यावर ठिपका म्हणून उमटते. मशीन पडद्यावर काहीतरी दाखवू शकतं, आणि माणूस ते बघून लगेच निर्णय घेऊ शकतो, हे त्या पोरानं तिथं बघितलं.

त्याचं जहाज सॅन फ्रान्सिस्कोहून निघालं आणि जपाननं शरणागती पत्करल्याची बातमी आली. म्हणजे लढायला निघालेला गडी, पण लढाईच संपली. तरी फिलिपाईन्सला जावं लागलंच. तिथं लेटे बेटावर रेडक्रॉसनं एका झोपडीत छोटं वाचनालय थाटलं होतं. तिथं एक दिवस त्याच्या हाती व्हॅनिव्हर बुश या अमेरिकी शास्त्रज्ञाचा लेख लागला.

हा लेख १९४५ मध्ये अटलांटिक मासिकात छापून आला होता. बुश यांनी त्यात मेमेक्स नावाच्या एका काल्पनिक टेबलाचं वर्णन केलं होतं. माणसाची सगळी पुस्तकं, कागदपत्रं, टिपणं त्या टेबलात साठवलेली असतील, पडद्यावर दिसतील आणि एका कागदावरून त्याच्याशी संबंधित दुसऱ्या कागदावर उडी मारता येईल. आज आपण दिवसभर लिंकवर क्लिक करतो, त्याचंच हे १९४५ सालचं चित्र.

विशीतल्या एंगेलबार्टनं लेख वाचला. तो त्याच्या डोक्यात राहिला.

लग्न ठरलं आणि टेन्शन आलं

१९४८ मध्ये पदवी झाली. कॅलिफोर्नियातल्या एम्स संशोधन केंद्रात नोकरी लागली. तेव्हा ते नाका या सरकारी संस्थेचं होतं, पुढं याच संस्थेची नासा झाली. तिथं विमानांच्या चाचण्यांसाठी प्रचंड मोठे वाऱ्याचे बोगदे होते, त्यांच्या इलेक्ट्रिकल कामाची जबाबदारी याच्याकडं.

१९५० च्या डिसेंबरमध्ये बॅलर्ड फिश या मुलीशी त्याचं लग्न ठरलं. नोकरी पक्की, छोकरी पक्की. आपल्याकडं अशा वेळी पेढे वाटतात. याचं उलटंच झालं. गाडी चालवत कामावर जाताना त्याच्या लक्षात आलं की आयुष्यात जे मिळवायचं ठरवलं होतं ते २५ व्या वर्षीच संपलं. आता पुढं काय?

मग त्यानं विचार करायला सुरुवात केली. लोकांच्या उपयोगाचं असं कुठलं काम आपण आयुष्यभर करू शकतो? प्रत्येक कामाचा विचार करताना तो एकाच जागी अडकायचा. जगापुढचे प्रश्न फार वेगानं गुंतागुंतीचे होत चाललेत आणि ते सोडवण्याची माणसाची ताकद त्या वेगानं वाढत नाही. मग ही ताकदच का वाढवू नये?

आणि एकदम त्याच्या डोळ्यांसमोर चित्र आलं. माणसं पडद्यासमोर बसलीत, पडद्यावर शब्द आणि आकृत्या आहेत, माणसं त्या हव्या तशा हलवतायत आणि दूरदूर बसून एकाच कामावर मिळून डोकं लावतायत.

ध्यानात घ्या, ही १९५० ची गोष्ट आहे. तेव्हा जगात कॉम्प्युटर मोजकेच होते. जे होते ते खोलीभर पसरलेले आणि गणितं करण्यासाठी. त्याच्यासमोर बसून माणूस काम करेल, ही कल्पनाच कुणाला झेपणारी नव्हती.

याला मात्र रडारचा पडदा आठवत होता. रडारचं मशीन पडद्यावर ठिपका काढू शकतं तर कॉम्प्युटरही अक्षर काढू शकेल, हा त्याचा साधा सरळ हिशोब.

विटेला बांधलेली पेन्सिल

नोकरी सोडून तो बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेला आणि १९५५ मध्ये त्यानं पीएचडी केली. १९५७ मध्ये तो मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे एसआरआयमध्ये रुजू झाला. आधी संस्थेची कामं केली, पेटंटं मिळवली, आणि मग हळूच आपला विषय पुढं काढला.

१९६२ मध्ये त्यानं एक मोठा अहवाल लिहिला. विषय होता, माणसाची बुद्धी वाढवायची कशी. त्यात त्यानं एक भारी प्रयोग मांडलाय. पेन्सिल घ्या, ती विटेला बांधा आणि आता लिहून दाखवा. लिहिता येईल, पण अक्षरं मोठी होतील, वेग कमी होईल, हात दुखेल. मग माणूस कमी लिहील. खोडून पुन्हा लिहिणं तर सोडूनच देईल. म्हणजे हत्यार अवघड झालं की नुसतं लिहिणंच नाही, विचार करणंही बदलतं.

मग याच्या उलट केलं तर? लिहिणं, खोडणं, शोधणं, जोडणं पेन्सिलपेक्षा सोपं करणारं हत्यार माणसाच्या हाती दिलं तर?

या एका प्रश्नासाठी त्याला अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पाकडून आणि नासाकडून पैसे मिळाले. त्यातून एसआरआयमध्ये त्याची स्वतःची प्रयोगशाळा उभी राहिली. आता माणसं होती, मशीन होतं, पडदा होता. राहिला एक किरकोळ प्रश्न. पडद्यावरच्या एखाद्या शब्दाकडं बोट कसं दाखवायचं?

लाकडी ठोकळा आणि दोन चाकं

तेव्हा पडद्यावर जागा दाखवायला लाईट पेन होता, जॉयस्टिक होती. लाईट पेन सतत हातात उचलून पडद्याला लावायचा, त्यात हात भरून यायचा.

एंगेलबार्टला जुनं एक यंत्र आठवलं, प्लॅनिमीटर. नकाशावरच्या वेड्यावाकड्या जागेचं क्षेत्रफळ मोजायला इंजिनिअर ते वापरायचे. त्याचं चाक कागदावर फिरवलं की किती अंतर गेलं ते कळायचं. याच्या डोक्यात आलं की एकमेकांना काटकोनात दोन चाकं बसवली तर? एक चाक आडवं सरकणं मोजेल, दुसरं उभं. एक फिरत असेल तेव्हा दुसरं नुसतं घसरेल, आणि तिरकं गेलं तर दोन्ही थोडी थोडी फिरतील.

ही कल्पना त्यानं वहीत टिपून ठेवली होती. १९६४ च्या सुमारास त्याचा सहकारी इंजिनिअर बिल इंग्लिश यानं ती प्रत्यक्ष बनवली. लाकडाचा कोरलेला ठोकळा, खाली धातूची दोन चाकं, वर एक लाल बटण आणि मागून निघालेली वायर. वायर शेपटीसारखी दिसायची म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्याला उंदीर म्हणायला लागले. हे नाव पहिल्यांदा कुणी घेतलं ते कुणालाच आठवलं नाही.

एंगेलबार्टनं माऊस निवडला तो आपला आहे म्हणून नाही. त्याच्या टीमनं लाईट पेन, जॉयस्टिक, टेबलाखाली गुडघ्यानं हलवायचं एक यंत्र आणि माऊस अशी रीतसर परीक्षा घेतली. लोकांना पडद्यावरचं अक्षर पकडायला सांगितलं, वेळ मोजली, चुका मोजल्या. ज्यांचा सराव झाला होता त्यांच्या हातात माऊस सरस ठरला.

१९६७ मध्ये पेटंटचा अर्ज गेला आणि १७ नोव्हेंबर १९७० ला पेटंट मिळालं. नंबर ३५४१५४१. कागदावर नाव होतं, डिस्प्लेसाठी एक्स-वाय स्थान दाखवणारं उपकरण. शोधकर्ता म्हणून नाव एंगेलबार्टचं, मालकी मात्र एसआरआयची. तो तिथला पगारी माणूस होता ना.

ते ९० मिनिटं

९ डिसेंबर १९६८. सॅन फ्रान्सिस्कोत कॉम्प्युटरवाल्यांची मोठी परिषद होती. सभागृहात हजारभर लोक. स्टेजवर कानाला हेडसेट लावलेला एंगेलबार्ट एकटा बसला. त्याच्या उजव्या हातात माऊस, डाव्या हाताखाली पाच बटणांचा छोटा कीबोर्ड. मागं भलामोठा पडदा.

त्याचा कॉम्प्युटर तिथं नव्हताच. तो होता सुमारे ५० किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमध्ये. बिल इंग्लिशनं मायक्रोवेव्ह लिंक लावून दोन्ही ठिकाणं जोडली होती. एक गोष्ट जरी बंद पडली असती तर इतक्या वर्षांच्या मेहनतीची भर सभेत फजिती झाली असती.

पण काहीच बंद पडलं नाही.

त्यानं पडद्यावर मजकूर लिहिला, खोडला, उचलून दुसरीकडं नेला. घरच्या बाजारहाटाची यादी काढली, ती प्रकारानुसार लावली, आणि घरी जाताना कुठल्या दुकानात काय घ्यायचं त्याचा नकाशा दाखवला. शब्दावर क्लिक करून दुसऱ्या मजकुरावर उडी मारली. आणि शेवटी मेन्लो पार्कमधल्या सहकाऱ्याचा चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात आणला. दोघंजण एकमेकांशी बोलत, एकमेकांना बघत एकाच मजकुरावर काम करायला लागले.

१९६८ मध्ये हे चाललंय. माणूस अजून चंद्रावर उतरायचा होता.

तासा-दीड तासानं दिवे लागले तेव्हा लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. पुढं या कार्यक्रमाला मदर ऑफ ऑल डेमोज असं नाव पडलं. पुढच्या वर्षी, २९ ऑक्टोबर १९६९ ला, अर्पानेटवरचा पहिला संदेश लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून निघाला. तो पोचला कुठं? एसआरआयमध्ये, एंगेलबार्टच्या प्रयोगशाळेत. म्हणजे आजच्या इंटरनेटच्या पूर्वजाची एक तार पहिल्या दिवसापासून त्याच्या घरी होती.

इथून गाडी सुसाट सुटायला पाहिजे होती. झालं उलटं.

माणसं गेली, पैसा गेला, घरही जळालं

एंगेलबार्टची सिस्टीम ताकदीची होती, पण शिकायला अवघड. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. त्याचं म्हणणं असं की तीन चाकी सायकल कुणालाही लगेच चालवता येते, पण लांब जायचं तर दोन चाकीच लागते आणि ती शिकताना पडावं लागतं. माणसानं कष्ट घेऊन हत्यार शिकावं, एकत्र काम करावं, आणि कामाची पद्धतच बदलावी, असा त्याचा आग्रह.

त्याच्या टीममधल्या तरुणांना हे पटेना. प्रत्येकाच्या टेबलावर स्वतःचा छोटा, सोपा कॉम्प्युटर असावा, असं त्यांना वाटत होतं. १९७० मध्ये झेरॉक्स कंपनीनं जवळच पार्क नावाचं संशोधन केंद्र काढलं आणि एकेक माणूस तिकडं गेला. माऊस बनवणारा बिल इंग्लिशही गेला. तिथं त्यानं दोन चाकांच्या जागी गोळीचा माऊस बनवला. जर्मनीच्या टेलिफुंकेन कंपनीनं असा गोळीवाला माऊस १९६८ मध्येच वेगळा काढला होता, पण अमेरिकेत चालला तो पार्कचा.

इकडं सरकारी पैसा आटत गेला. १९७७ च्या सुमाराला एसआरआयनं सगळी सिस्टीमच टाईमशेअर नावाच्या कंपनीला विकली, आणि एंगेलबार्टही तिच्याबरोबर तिकडं गेला. याच पडत्या काळात ॲथर्टनमधलं त्याचं घर आगीत जळालं. १९८४ मध्ये टाईमशेअर मॅकडॉनल डग्लस या विमान कंपनीनं विकत घेतली. विमानं बनवणाऱ्यांना याच्या स्वप्नात कितीसा रस असणार? १९८६ मध्ये त्यानं नोकरी सोडली.

आणि गंमत बघा, नेमक्या याच वर्षांत माऊस जगभर पळायला लागला होता.

१९७९ मध्ये स्टीव्ह जॉब्सनं पार्कमध्ये जाऊन माऊस बघितला. १९८३ मध्ये ॲपलचा लिसा आला, १९८४ मध्ये मॅकिंटॉश. १९८३ मध्येच मायक्रोसॉफ्टनंही दोन बटणांचा माऊस बाजारात आणला. एसआरआयनं ॲपलला माऊसचं लायसन्स दिलं. त्याचे सुमारे ४० हजार डॉलर घेतल्याचं आपल्याला नंतर कळलं, असं एंगेलबार्ट सांगायचा. १९८७ मध्ये पेटंटची मुदतही संपली. त्यानंतर जगात जे कोट्यवधी माऊस विकले गेले, त्यात शोधकर्त्याचा वाटा शून्य.

डॉसनं माऊसला विचारलं, तू कुठं आहेस?

आता त्या काळातल्या साध्या पीसीकडं येऊ. आयबीएम पीसी आणि डॉस हे कीबोर्डसाठी बनलेलं जग. मायक्रोसॉफ्टचा माऊस घेतला की सोबत फ्लॉपीवर ड्रायव्हर यायचा. ऑटोएक्झेक फाईलमध्ये त्याची एक ओळ टाकायची, मग कॉम्प्युटर चालू होताना तो मेमरीत जाऊन बसायचा. माऊसच्या वायरीतून सतत येणारे बाईट तो वाचायचा आणि हिशोब ठेवायचा.

सीमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामला या ड्रायव्हरशी बोलायचं तर एकच दार होतं, इंटरप्ट ३३. हे ३३ हेक्साडेसिमलमधलं, आपल्या मोजणीत ५१. इंटरप्ट म्हणजे दारावरची बेल समजा. बेल वाजवण्याआधी प्रोसेसरच्या एएक्स नावाच्या कप्प्यात कामाचा नंबर ठेवायचा. टर्बो सीमध्ये त्यासाठी इंट ८६ नावाचं फंक्शन मिळायचं.

नंबर शून्य ठेवला तर प्रश्न असा की माऊस आहे का? उत्तरात एएक्समध्ये शून्य आलं तर माऊस नाही. सगळे बिट १ आले तर आहे, आणि बीएक्समध्ये बटणं किती तेही कळायचं. नंबर १ म्हणजे बाण दाखव. नंबर २ म्हणजे लपव.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नंबर ३. तो ठेवून बेल वाजवली की सीएक्समध्ये आडवी जागा, डीएक्समध्ये उभी जागा आणि बीएक्समध्ये बटणांची स्थिती यायची. १ आलं तर डावं बटण दाबलेलं, २ आलं तर उजवं, ३ आलं तर दोन्ही.

नीट बघितलं तर सीएक्स आणि डीएक्स म्हणजे एंगेलबार्टची ती दोन चाकं. एक आडवं मोजणारं, एक उभं मोजणारं, आणि वर बटण. १९६४ चा लाकडी ठोकळा जे सांगत होता, तेच तीन आकडे २० वर्षांनी डॉसचा प्रोग्राम विचारत होता.

यात पोरांची फजितीही व्हायची. टेक्स्ट स्क्रीनवर ८० अक्षरं आडवी आणि २५ ओळी, पण ड्रायव्हर आकडे द्यायचा ० ते ६३९ आणि ० ते १९९. मग ८ नं भागायचं, तेव्हा कुठं रकाना आणि ओळ कळायची. ३२० बाय २०० च्या गेमवाल्या मोडमध्येही आडवा आकडा ६३९ पर्यंतच जायचा. तिथं २ नं भागायला विसरलात तर क्लिक भलतीकडंच.

बाण न लपवता स्क्रीनवर चित्र काढलं तर बाणाचे डाग मागं राहायचे. म्हणून आधी लपव, मग काढ, मग दाखव. आणि प्रोग्राम इतक्या वेगानं विचारत असायचा की तुम्ही बटण एकदा दाबलं तरी त्याला ते शेकडो वेळा दाबलेलं दिसायचं. बटण सोडेपर्यंत थांब, असं स्वतंत्र सांगावं लागायचं.

गेम बनवणाऱ्यांना बाण कुठं आहे यापेक्षा हात किती हलला ते हवं असायचं. त्यासाठी नंबर ११ होता. मागच्या वेळी विचारल्यापासून माऊस किती सरकला ते तो सांगायचा, आणि सांगून झालं की मोजणी पुन्हा शून्यापासून. या सरकण्याच्या मापाला नाव पडलं मिकी, म्हणजे आपला मिकी माऊस. सतत विचारत बसायचं नसेल तर नंबर १२. आपल्या फंक्शनचा पत्ता ड्रायव्हरकडं देऊन ठेवायचा. माऊस हलला किंवा बटण दाबलं की ड्रायव्हरच येऊन आपल्याला उठवणार.

पुढं विंडोज आलं आणि हे सगळं आत दडपलं गेलं. आता प्रोग्रामरला क्लिक आयती मिळते.

पण डॉसच्या त्या प्रोग्राममध्ये एक गोष्ट ठळक दिसते. एक माणूस, एक मशीन, एक बाण. एंगेलबार्टनं १९६८ च्या स्टेजवर एकाच पडद्यावर दोन माणसांना काम करताना दाखवलं होतं. पीसीनं त्यातला बाण घेतला आणि दुसरा माणूस वगळून टाकला.

उशिरा आलेले हार

नोकरी सोडल्यावरही एंगेलबार्ट गप्प बसला नाही. १९८८ मध्ये मुलगी क्रिस्टिनासोबत त्यानं बूटस्ट्रॅप इन्स्टिट्यूट नावाची छोटी संस्था काढली. माणसांनी मिळून जास्त हुशारीनं काम कसं करावं, हाच जुना विषय. या संस्थेला ऑफिसची जागा दिली ती लॉजिटेक कंपनीनं. माऊस विकून मोठी झालेली कंपनी आणि तिच्या आवारात माऊसचा शोधकर्ता, बाकीचं स्वप्न कुणी ऐकतंय का म्हणून वाट बघतोय.

मग इंटरनेट घराघरांत पोचलं. लोक लिंकवर क्लिक करायला लागले आणि जुन्या रेकॉर्डिंगमधला तो १९६८ चा माणूस एकदम वेगळा दिसायला लागला. अरे, याला हे सगळं तेव्हाच माहीत होतं?

१९९७ मध्ये ५ लाख डॉलरचा लेमेल्सन-एमआयटी पुरस्कार मिळाला. कॉम्प्युटरचं नोबेल म्हणतात तो ट्युरिंग पुरस्कार त्याच वर्षीचा. पण ज्या बॅलर्डशी लग्न ठरल्यावर हे सगळं डोक्यात आलं होतं, ती त्याच वर्षी गेली. २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्याला नॅशनल मेडल ऑफ टेक्नॉलॉजी दिलं.

हार पडले, फोटो निघाले, प्रत्येक बातमीत नाव आलं ते माऊसचा जनक म्हणून. तो नम्रपणे ऐकून घ्यायचा आणि मुलाखतीत पुन्हा पुन्हा आपल्या मूळ मुद्द्यावर यायचा. जगापुढचे प्रश्न वाढतायत, एकत्र डोकं लावायची आपली ताकद वाढवायची राहिलीय.

२ जुलै २०१३ ला, वयाच्या ८८ व्या वर्षी, ॲथर्टनमधल्या आपल्या घरी डग्लस एंगेलबार्टनं शेवटचा श्वास घेतला.

मग तो हरला का?

लॉकडाऊनमध्ये आपण काय केलं ते आठवा. पुण्यातला एक, नाशिकचा एक आणि न्यू जर्सीतला एक असे तिघंजण एकाच फाईलमध्ये एकाच वेळी टाईप करत होते, आणि कोपऱ्यात एकमेकांचे चेहरे दिसत होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टेजवर दाखवलेली गोष्ट रोजची व्हायला ५० वर्षं लागली.

पण त्याचा दुसरा अर्धा प्रश्न अजून तसाच आहे. हत्यारं आली, माणसं जोडली गेली. पण जोडली गेलेली माणसं मिळून जास्त शहाणी झाली का? व्हॉट्सॲपचा कुठलाही ग्रुप उघडा, उत्तर तुम्हीच द्या.

आजही कुणी हौशी गडी डॉसबॉक्स टाकतो, टर्बो सी उघडतो आणि इंटरप्ट ३३ ची बेल वाजवतो. काळ्या पडद्यावर बाण हलतो, सीएक्स आणि डीएक्समध्ये आकडे पळायला लागतात. माऊस कुठं आहे, हे त्याला लगेच कळतं. तो हातात घेऊन करायचं काय, हा प्रश्न एंगेलबार्टनं आपल्यासाठी ठेवलाय.